उष्टी हळद

कोल्हापुरात हर्षदा साळोखेच्या हाताला मान होता. आधी तो मालिशीमुळे होता, मग हळदीमुळे झाला, आणि या दोन्हींच्या मधे पापुद्रा आला.

पापुद्रा हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. कंपनीनं खोक्यावर भलंथोरलं नाव छापलं होतं, पण ते घेताना जीभ अडखळायची, म्हणून मालीश करणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं उरकून टाकलं. कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ, आरपार दिसणारं आवरण. तळव्यावर आणि बोटांवर चढवलं की थोड्या वेळात कातडीला असं बसायचं की शेजारी बसलेल्या माणसालाही पत्ता लागू नये. त्यात पेरलेले बारीक कण आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज समोरच्याच्या शरीरात सोडायचे आणि परत आलेला आवाज टिपायचे. मऊ स्नायूवरून तो एक प्रकारे परततो, कडक गाठीवरून दुसऱ्या प्रकारे. वाहत्या रक्तावर आपटून आला तर त्याचा सूर जरा बदललेला असतो, आणि थांबलेल्या रक्तावरून आला तर तसाच राहतो. सोनोग्राफीच्या आधी पोटावर गार जेली फासतात ती एवढ्याचसाठी, की कातडी आणि यंत्र यांच्यात हवा राहिली तर हा आवाज आत शिरतच नाही. पापुद्र्याला जेलीही नको होती. मालिशीचं तेल त्याला पुरायचं.

असल्या यंत्राची गरज काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी दुसऱ्याचं अंग रगडलेलं नसतं. या धंद्यात पहिला धडा असतो तो कुठं दाबायचं नाही याचा. ताप असेल त्याला हात लावायचा नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्याला जोर लावायचा नाही, अंग काळंनिळं पडतं. हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीच्या पाठीवर कोपर टेकायचं नाही. मधुमेह्याच्या तळपायाला शेक देताना आधी स्वतःच्या हाताला लावून बघायचं, कारण त्याला चटका कळत नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि ठणकणारी असेल, तर गिऱ्हाईक हात जोडून विनवू दे, ती दाबायची नाही. आत रक्ताची गुठळी असली तर दाबानं सुटते आणि फुप्फुसात जाऊन बसते. बोलता बोलता माणूस जातो. राजारामपुरीतल्या आपल्या केंद्रात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीकडून हर्षदा हे पहिल्या दिवशी मोठ्यानं म्हणवून घ्यायची.

पण धडा पाठ असून भागत नाही. "काही आजारबिजार?" असं विचारलं की आपली माणसं एका सुरात "छे छे, काही नाही" म्हणतात. डॉक्टरपासून जे लपवलं, ते मालीशवालीला कोण सांगतंय? पापुद्रा तोंडाला विचारायच्या भानगडीतच पडायचा नाही. सगळं ठीक असलं की तळव्याला मंद ऊब यायची. धोका असला की त्या जागेवर टोचायचं, मुंगीनं चावावं तसं.

एक अडचण तेवढी होती. कोल्हापूर म्हणजे पैलवान, आणि पैलवान म्हणजे जुन्या मोडतोडीचं गोदाम. कुणाच्या खांद्यात वर्षानुवर्षांची गाठ, कुणाची बरगडी वाकडी जुळलेली. पापुद्रा बिचारा प्रत्येक ठिकाणी टोचायचा. म्हणून कंपनीनं सोय केली होती. डंख आला आणि ते त्या माणसाचं नेहमीचंच आहे अशी खात्री असली, की अंगठा मुडपून तळव्यावर दाबून धरायचा. पापुद्रा तेवढ्या जागेपुरता मुका व्हायचा, म्हणजे डंखाऐवजी नेहमीची ऊबच द्यायचा, आणि केंद्रातल्या कुणीही पुढं त्या माणसाला हात लावला तरी तिथं मुकाच राहायचा. हर्षदाचा अंगठा दिवसातून कितीदा मुडपायचा याची तिलाही शुद्ध नसायची. डास हाकलावा तितक्या सहज तो मुडपायचा.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की हळदीतही तेल असतं.

मुलाकडची बाई उष्टी हळद घेऊन मुलीकडं जाते, मुलीच्या पायांना, गुडघ्यांना, दंडांना, गळ्याला हळद लावते. ही रीत काय आजची नाही. त्या बाईच्या हातावर पापुद्रा असला तर? सून घरात यायच्या आधी तिच्या अंगात काय आहे ते कळतं, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. माणसाला न विचारता त्याच्यावर पापुद्रा वापरायचा नाही असा कायदा होता, आणि तो हुंड्याच्या कायद्याइतकाच पाळला जायचा. बघता बघता हर्षदाला करवलीचा मान मिळायला लागला. ज्यांचा तिचा काडीचा संबंध नाही अशा घरांतून गाडी यायची, पैठणी यायची, आणि ती चार सवाष्णींमध्ये पाचवी होऊन हळद लावून यायची.

जयसिंगपूरच्या एका मुलीच्या गळ्यापाशी तिला डंख आला होता. थायरॉइडची बारकी गाठ. हर्षदानं मुलाच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं आणि वर म्हणाली, "हे घाबरण्यासारखं नसतं बरं का. गोळ्या घेतल्या की झालं. निर्णय तुमचा." निर्णय त्यांचाच होता. ती माणसं ताटावरून उठून गेली. मुलीच्या अंगावर हळद तशीच होती.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडी चालवत होती ईश्वरी. ईश्वरी पाटील, कागलची. केंद्रातली सगळ्यांत तरबेज मुलगी, हर्षदाची लाडकी.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "मुलाला कोण चाचपतं?"

हर्षदाला हसू आलं. "मुलाची हळद आपल्या हातात असती कुठं?"

"नाही, पण त्याला असलं काही, तर?"

"पुढं बघून चालव बाई," हर्षदा म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून मस्तपैकी झोपली. तिला त्या रात्रीही झोप लागली. जे हाताला कळलं ते झाकायचं नाही, एवढा एकच धर्म ती पाळायची आणि त्याचा तिला अभिमान होता.

*

याच ईश्वरीनं वर्षभरात हर्षदाच्या मुलाला गाठलं, की मुलानं तिला, ते त्या दोघांनाच ठाऊक. इंद्रजित तेव्हा सत्तावीसचा होता, एमआयडीसीत फाउंड्रीची यंत्रं सांभाळायचा, संध्याकाळी आईला न्यायला केंद्रावर यायचा. पुढं पुढं आई लवकर घरी गेलेली असली तरी यायला लागला. हर्षदाला हे कळलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. असली सून दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती.

साखरपुड्याच्या दिवशी ईश्वरीनं तिला आत नेलं आणि दार लोटलं. "आई, एकच मागते. माझ्या हळदीला तुम्ही पापुद्रा लावायचा नाही."

"वेडी का काय तू?"

"नुसत्या हातानं लावायची. मला काही झालेलं नाही, मला भीतीही नाही. पण तुम्ही मला चाचपायचं नाही. आईनं लावावी तशी लावा."

"तुझ्या गळ्याशप्पथ," हर्षदा म्हणाली, आणि म्हणताना तिला ते खरंच वाटत होतं.

हळदीच्या सकाळी मात्र तिच्या थोरल्या नणंदेनं, सुमनआक्कानं, ठिणगी टाकलीच. आक्का नारळ सोलत होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, "काय गं हर्षदा, समद्या गावाच्या सुना चाचपून झाल्या. आता स्वतःच्या पोराच्या येळंला हात झाकून बसतीस व्हय?"

"आक्का, ती आपल्या केंद्रातली आहे. मला माहीत नाही होय तिचं अंग?"

"केंद्रात ती लोकास्नी चोळती. तिला कुणी चोळलंय?" आक्कांनी नारळाची शेंडी उपटली. "माझं काय जातंय? एकुलतं एक पोरगं तुझं."

हे बोलणं हर्षदाच्या डोक्यातून जाईना. तिनं स्वतःची समजूत घातली. आपण काही शोधायला जात नाही, मनाची खात्री तेवढी करून घ्यायची, आणि ऊब आली की गप्प बसायचं. ईश्वरीला कळणारसुद्धा नाही. मुलीकडं गेल्यावर पापुद्रा चढवायला आडोसा कुठला मिळायला? म्हणून तिनं तो घरीच न्हाणीघरात चढवला आणि हिरवा चुडा सावरत बाहेर आली.

आधी नवऱ्या मुलाची हळद असते. त्याच्या अंगाची उष्टी झाली की ती मुलीकडं जाते. इतक्या हळदी लावलेल्या बाईच्या हे ध्यानात येऊ नये? पण तिनं आजवर लावल्या त्या सगळ्या मुलींना. तिची गाडी नेहमी दुसऱ्या घरापासून सुरू व्हायची.

इंद्रजित पाटावर बसला होता, उघडा, कमरेला जुनं धोतर, मित्रांच्या चिडवण्यावर दात काढत. बायकांनी गाणं धरलं. हर्षदा त्याच्या पुढ्यात बसली, तेलात कालवलेली हळद दोन्ही तळव्यांवर घेतली आणि पायांपासून सुरुवात केली. पाऊल, घोटा, गुडघा. तळव्यांना ऊब येत होती. लेकाचं अंग निरोगी आहे हे असं आयतं कळावं याची तिला गंमत वाटली. दंड झाले, खांदे झाले. तिनं गळ्याकडं हात नेला, आणि गळ्याच्या डाव्या हाडाच्या वरच्या खळगीत तिला टोचलं.

तिनं हात उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा टोचलं. बोट जरा खोल दाबलं तर आत वाटाण्याएवढं काहीतरी होतं, रबरासारखं, न हलणारं.

मानेवर, जबड्याखाली गाठी येतात आणि जातात. सर्दी झाली, दाढ सुजली तरी येतात. पण गळ्याच्या हाडाच्या वरच्या त्या खळगीत जी येते, ती सहसा खालून, छातीतून किंवा पोटातून आलेली असते, आणि तिला साधी समजायचं नसतं. हाही धडा हर्षदा मुलींकडून म्हणवून घ्यायची.

"अगं, थांबलीस का?" आक्का म्हणाल्या. "मुंडावळ्या बांधायच्यात अजून."

"आई, गुदगुल्या होतायत," इंद्रजित हसला.

पंधरा बायका तिच्या हाताकडं बघत होत्या. डंख थांबेना. आणि हर्षदाचा अंगठा मुडपला. तिनं ठरवून मुडपला असं म्हणवत नाही, आणि चुकून मुडपला असंही नाही. तळव्यावरची ओली हळद अंगठ्याखाली दबली, आणि पापुद्रा मुका झाला. नंतर बघू, असं तिला वाटलं. लगीन होऊ दे, मग बघू. तिनं लेकाच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि कानशिलांवर बोटं मोडली.

*

उष्ट्या हळदीची वाटी मांडीवर घेऊन ती कागलला निघाली. एरवी घरची उष्टी हळद पोचवायला करवल्या जातात, पण तिनं हट्टानं स्वतः जायचं ठरवलं होतं. मागं सवाष्णी गाणी म्हणत होत्या. गोकुळ शिरगावच्या पुढं तिला वाटलं, गाडी थांबवावी, नवऱ्याला फोन करावा, आज काही नको म्हणून सांगावं. मग तिला डोळ्यांपुढं मांडव दिसला. आचारी दिसले, ईश्वरीचा बाप दिसला, इंद्रजितचा चेहरा दिसला. आणि जयसिंगपूरची ती मुलगीही दिसली, पहिल्यांदाच इतकी स्पष्ट. तिला आपण केवढ्या सहज सांगून मोकळ्या झालो होतो! मुलाकडचं सांगायचं झालं तर आधी आपल्याच तोंडानं सांगावं लागणार, आणि ते तोंड उघडेना.

ईश्वरी पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. हर्षदानं तिच्या पायांना हात लावला, गुडघ्यांना लावला, दंडांना, गळ्याला. सगळीकडं ऊब. एखादी जागा तरी टोचावी असं तिला क्षणभर वाटून गेलं, म्हणजे फिट्टंफाट झाली असती, आणि आपल्याला असं वाटलं याची तिला शिसारी आली.

ईश्वरीनं मान खाली घातली होती. बायकांच्या गलक्यात तिनं ओठ न हलवता म्हटलं, "लावलाय ना?"

हर्षदानं वाटीत पुन्हा बोटं बुडवली.

"मला कळतंय, आई. नुसत्या हाताचा स्पर्श वेगळा असतो. असू दे. मी रागावले नाही." मग तिनं डोळे वर केले. आता तिच्या बघण्यात गंमत होती, थोडी लाडीगोडीही होती. "मग घरूनच चढवून आलात, म्हणजे त्यांना लावतानाही हातावर होताच की. त्यांचं काय निघालं? मुलाला चाचपलेलं पहिलंच लग्न आमचं."

हाच तो क्षण होता. दुसरा असा पुन्हा आला नाही.

"काय निघायचंय?" हर्षदा म्हणाली. "ऊब. डोक्यापासून पायापर्यंत."

ईश्वरी हसली आणि सासूनं हळद लावावी म्हणून तिनं गाल पुढं केला.

*

लग्न थाटात झालं. आठ दिवसांनी सांगू म्हणता म्हणता मुलं फिरायला गेली, फिरून आली तर पाहुण्यांची जेवणं सुरू झाली. हर्षदा संधी शोधायची आणि सापडली की टाळायची. एकदा ती इंद्रजितला म्हणाली, "एकदा सगळ्या तपासण्या करून घे रे. वय झालं आता तुझं."

"आई, माझं वय झालं?" तो खो खो हसला. "बाबांना सांग. त्यांचा रक्तदाब बघ."

स्पष्ट बोलली असती तर गेला असता. पण स्पष्ट बोलायचं म्हणजे कधी कळलं तेही बोलावं लागणार. कधी कळलं, हे ईश्वरीनं विचारलं असतंच. एकेक दिवस गेला तसं उत्तर आणखी अवघड होत गेलं. आठ दिवस झाकलेलं सांगता येतं, तीन महिने झाकलेलं कसं सांगायचं? मग ती मनाला म्हणायची, गाठच ती, पैलवानांना शंभर असतात. आणि तिच्या ज्या हातावर लोक विश्वास ठेवायचे, त्याच हातानं ती लेकाला डिंकाचे लाडू वळून घालायची, कारण तो वाळत चालला होता. रात्री घामानं त्याचा बनियन भिजायचा. आक्का आल्या की म्हणायच्या, "बायकोनं पार उतरवला की गं ह्याला!" आणि सगळे हसायचे. हर्षदाही हसायची.

ईश्वरी दर रविवारी त्याची पाठ आणि खांदे रगडायची. पापुद्रा लावूनच, तिची शिस्तच तशी होती. "ठणठणीत आहात," ती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची. दाराआड उभ्या असलेल्या हर्षदाच्या ते कानावर यायचं. एकदा तो झोपला असताना ती त्याच्या उशाशी गेली होती, अंगठा पुन्हा दाबला की जागा बोलती होते एवढंच करायचं होतं. पण मग येत्या रविवारी ईश्वरीच्या हाताला डंख आला असता. ती तशीच परत फिरली.

पावसाळ्याच्या शेवटी इंद्रजितच्या मानेवरचा फुगवटा शर्टाच्या कॉलरवरून दिसायला लागला. ईश्वरीनंच त्याला डॉक्टरांकडं नेलं. लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला, छातीत पसरलेला. "हा प्रकार बरा होणाऱ्यांतला आहे," डॉक्टर म्हणाले. "अजूनही आशा आहे. वर्षाच्या सुरुवातीला आला असता तर मी छातीठोक सांगितलं असतं. तुम्ही तर रोज माणसांचं अंग हाताळता. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

घरी आल्यावर ईश्वरी भ्रमिष्टासारखी झाली. दर आठवड्याला आपला हात तिथून फिरत होता आणि आपल्याला कळलं कसं नाही, हे एकच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "आई, मी शिकले काय मग? मी मारलं त्यांना. माझ्या हातानं मारलं." हर्षदानं तिला पोटाशी धरलं आणि पाठीवर हात फिरवत राहिली. तेव्हाही ती बोलली नाही. तिच्या हातून झालेल्या सगळ्या पापांत हे पाप सर्वांत वाईट, आणि ते तिलाही कळत होतं.

संध्याकाळी ईश्वरी उठली. इंद्रजित खाटेवर पडला होता. तिनं पापुद्रा चढवला, तेल घेतलं आणि त्याच्या गळ्याच्या त्या फुगवट्यावर तळवा ठेवला. लिंबाएवढी गाठ, डोळ्यांना दिसत होती. तिनं बोटं हलवली, तळवा बदलला, पुन्हा ठेवला.

"काय बघतेस?" इंद्रजितनं विचारलं.

"काही नाही. तुम्ही पडा."

ती स्वयंपाकघरात आली. हर्षदा भाकरी थापत होती. ईश्वरीनं आधी गॅस बंद केला.

"टोचत नाही," ती म्हणाली. "एवढी मोठी गाठ, आणि पापुद्रा ऊब देतोय. तिथं कुणीतरी नेहमीचं म्हणून सांगितलंय."

हर्षदाचे हात पिठात होते.

"त्यांच्या अंगाला केंद्राच्या पापुद्र्यानं हात लावणाऱ्या आपण दोघीच. मी अंगठा दाबलेला नाही." तिचा आवाज मोठा झाला नाही. "हळदीच्या वेळीच ना?"

"बायका बघत होत्या गं," हर्षदा म्हणाली. "मला वाटलं, नंतर..."

"मी विचारलं होतं तुम्हाला. हळद लावताना. मी स्वतः विचारलं होतं."

"मांडव मोडला असता."

"मोडला नसता," ईश्वरी म्हणाली. "मी तशीच हळदीच्या अंगानं त्यांना दवाखान्यात नेलं असतं आणि तिथून येऊन लग्न केलं असतं. तुम्ही मला जयसिंगपूरच्या त्या लोकांसारखी समजलात." तिनं दारातून इंद्रजितच्या खाटेकडं पाहिलं. "त्यांना मी सांगणार नाही. आत्ता त्यांना आई पाहिजे. पण तुमचा माझा संबंध संपला, मॅडम."

हर्षदाला त्या शेवटच्या शब्दाचं सगळ्यांत जास्त लागलं.

*

इंद्रजितसमोर ईश्वरी तिला आई म्हणायची, पाणी द्यायची, औषधाची वेळ विचारायची. दार ओढलं की मॅडम. हर्षदानं हळदी सोडल्या, पैठण्या कपाटात कोंबल्या. कुणी बोलवायला आलं की नवऱ्याला पुढं करायची. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. पोराच्या आजारानं हिनं अंथरूण धरलं नाही हेच खूप, असं तो लोकांना सांगायचा.

औषधाच्या तिसऱ्या फेरीनंतर इंद्रजितचे केस गेले. तो दिवसच्या दिवस पडून असायचा. एका दुपारी त्यानं हाक मारली. "आई, पाय दाबून दे की गं जरा. डावा लई ठणकतोय. लहानपणी दाबायचीस तसा."

कित्येक आठवड्यांत तिनं त्याच्या अंगाला हात लावला नव्हता. हात लावायला मिळणार म्हणून तिचे डोळे भरून आले. ती लगबगीनं तेलाची वाटी घेऊन निघाली, तर दारात ईश्वरी उभी होती.

"मॅडम, हात दाखवा," ती त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली.

हर्षदानं दोन्ही तळवे पुढं केले. रिकामे होते. "नाही लावला गं. नुसताच हात आहे. आईचा."

"तेच म्हणते. लावून या." ईश्वरीनं खोकं तिच्यापुढं धरलं. "तुमच्या नुसत्या हातावर माझा विश्वास नाही."

हर्षदानं उंबऱ्यात उभ्या उभ्या पापुद्रा चढवला. मग ती लेकाच्या पायाशी बसली, तेल घेतलं आणि डाव्या तळपायापासून हळूहळू वर आली. पाऊल, घोटा. ऊब होती. इंद्रजितनं बरं वाटून डोळे मिटले. पोटरी जरा जाड वाटली, गरम वाटली. आणि तिथं टोचलं. साधं टोचलं नाही, हातभर कळ गेली.

तिचा अंगठा हलला. सवयीनं, आपोआप, तळव्याकडं वळायला लागला. हर्षदानं दुसऱ्या हातानं तो धरला. घट्ट धरून ठेवला, कुणा परक्याचा हात धरावा तसा.

"आई, थांबू नको गं. दाब की जोरात," इंद्रजित डोळे न उघडता म्हणाला.

"ईश्वरी!" तिनं हाक मारली. "ईश्वरी, डाव्या पोटरीत गुठळी आहे. रक्त थांबलंय. दाबायचं नाही. दवाखान्यात कळव."

ईश्वरी आत आली. तिनं हर्षदाकडं पाहिलं. मग शांतपणे स्वतःचा पापुद्रा खोक्यातून काढला, बोटाबोटावर नीट बसवला, तेल घेतलं आणि त्याच पोटरीवर अलगद तळवा टेकवला. तिचा चेहरा बदलला. ती हात पुसत फोनकडं गेली. हर्षदा बाजूला सरकून भिंतीला टेकली. आज खरं बोलूनही ते पडताळून घ्यावं लागलं, आणि यात ईश्वरीचं काही चुकलं नाही, हे तिला समजत होतं.

फोनवर बोलणं झालं. दवाखान्याची गाडी निघाली होती. पाय हलवायचा नाही, असं ईश्वरीनं इंद्रजितला बजावलं. तो उशीवरून मान वळवून दोघींकडं बघत होता. तो घाबरला होता, पण त्याही स्थितीत त्याच्या चेहऱ्यावर जुना अभिमान उमटला.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "दाबत बसली असती तर मेलोच असतो मी. माझ्या आईच्या हाताला कसं कळतं बघ."

ईश्वरीनं त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"हो," ती म्हणाली. "त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं."